फक्त पाहायचे दागिने

आई,

मी चौथीत असताना तू मला एक वाक्य सांगितलंस, आणि मी ते इतकं तंतोतंत पाळलं की आता त्याचं करायचं काय ते मला कळेनासं झालं आहे. "पाहाचं हाये तं पाहून घे. घालाचं नाई." एवढंच. त्यानंतर माझ्या बारावीपर्यंत तू होतीस, पण हा विषय आपल्यात पुन्हा निघाला नाही. आज रविवारची दुपार आहे. बाबा बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून डुलक्या घेताहेत. मी मघापासून तिसऱ्यांदा उठून पाणी पिऊन आले, तहान नसताना. पुढच्या रविवारी चरोद्याहून दोघं येणार आहेत. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं आहे तो आणि त्याची आई. लग्नात मी अंगावर काय घालणार, याचं उत्तर मला त्यांना द्यायचं आहे. आतापर्यंत मी सगळ्याला नको म्हटलं. सोनं नको, चांदी नको, मोती नको. लोकांना वाटतं मला आवडच नाही. प्रत्यक्षात माझ्या फोनमध्ये जुन्या दागिन्यांची इतकी चित्रं साठलेली आहेत की जागा संपली म्हणून फोन तक्रार करतो. हे कुणालाच माहीत नव्हतं. आता त्या दोघांना माहीत झालं आहे आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

बाजाराचा तो दिवस तुझ्या लक्षात राहिला होता की नाही, मला माहीत नाही. माझ्या राहिला. आपण भाजी घेऊन परत निघालो होतो. रस्त्याच्या कडेला एक छत्तीसगढी बाई पोतं अंथरून बसायची. पोत्यावर टिकल्या, फिती, आरसे आणि एका बाजूला पैऱ्या, म्हणजे इकडच्या बायका पायात घालतात ती जाड, पोकळ कडी. तू मिरच्यांचा भाव करत होतीस. मी चप्पल काढली आणि त्यातली एक पैरी पायात सरकवली. ती मोठ्या बाईच्या मापाची होती, सहज गेली. मी पाय उचलून आपटला, आवाज येतो का ते बघायला. तू वळलीस. "कावून घातलं ते? काढ. काढ आंधी!" मी वाकायच्या आधीच तू खाली बसलीस आणि ती ओढलीस. आडवी ओढली गेली. घोट्याच्या हाडावर कातडी सोलली. ती बाई म्हणाली, "लइका ए, पहिरन दे न बाई." लेकरू आहे, घालू दे. तू तिच्याकडे पाहिलंही नाहीस. तू चारचौघांत आवाज चढवणारी नव्हतीस, भिलाईच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम करणारी, कडक इस्त्रीच्या साडीतली बाई होतीस. त्या दिवशी भर बाजारात म्हणालीस, "पायात बेडी घालाची हौस आली का तुले?" लोक बघत होते. मी रडले नाही. मला तेव्हाही चारचौघांत रडणं जमत नव्हतं.

आपण क्वार्टरवर आलो. स्वयंपाकघर आठवतं आहे, सेक्टरमधल्या सगळ्या क्वार्टरांना होतं तसंच, उभ्या बाईच्या खांद्याला लागेल एवढी खिडकी आणि खाली सिमेंटचा ओटा. आजी, म्हणजे तुझी सासू, दाराशी भिंतीला टेकून पाय पसरून बसली आहे. तू विळी घेऊन वांगी चिरते आहेस आणि माझ्याकडे बघत नाहीस. मग विळी आडवी करून ठेवतेस आणि म्हणतेस, "आत्याबाई, दाखवा तिले तुमचे पाय." आजीने लुगडं जरा वर ओढलं. दोन्ही घोट्यांच्या वर काळसर, चामड्यासारखा पट्टा. मी तो रोज पाहत होते. मला वाटायचं म्हातारपणी सगळ्यांना होतो.

आजी म्हणाली, "सातव्या वर्षी घातले तोडे. पाय वाढला, तोडे नाई वाढले." गावात आपल्या बायका कोणत्या वाटेने चालल्या आहेत ते तोड्यांच्या आवाजावरून कळायचं. कोणत्या जातीच्या आहेत तेही कळायचं, आणि त्याप्रमाणे लोक बाजूला व्हायचे किंवा त्यांना बाजूला करायचे. मग आपल्या समाजाची सभा झाली, हे जड दागिने अंगावरून उतरवा असं सांगितलं गेलं, बायकांनी उतरवले. आजीचे निघेनात. साबण लावला, तेल लावलं, निघेनात. ती तशीच आजोबांबरोबर भिलाईला आली, कारखाना उभा राहत होता तेव्हा. शेवटी आजोबांच्या कामाच्या टोळीतला एक फिटर हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, घेऊन घरी आला. दुसऱ्याच्या बायकोच्या पायाला हात कसा लावायचा म्हणून तो लाजत होता, तेव्हा पाय आजोबांनी धरला. खाली फडकं कोंबलं, वरून पाणी ओतत राहिले, कारण धातू तापतो. "अन् तो फिटर म्हने," आजी हसत हसत सांगत होती, "वहिनी, हालू नका, ब्लेड सरकारचं हाये." तूही हसलीस. मग तू मला त्याचा शेवट सांगितलास. तोड्यांचे तुकडे आजोबांनी कारखान्याच्या भंगारात टाकले, ते भट्टीत गेले आणि त्यांचे रूळ झाले. "आता त्याच्यावरून गाड्या जातेत," असं म्हणालीस तू. त्या वेळी तुझा चेहरा खुलला होता.

मी पुढे कितीतरी वर्षं रुळांकडे वाकून बघायचे. नंतर धातुशास्त्र शिकले तेव्हा पहिल्याच वर्षी कळलं की तांबं पोलादात जाणं हा दोष धरतात, आणि आजीचे तोडे बहुधा काशाचे किंवा गिलटाचे असणार, आणि दोन्हींत तांबं असतं. आपल्या लोकांना चांदी घालू कोण देत होतं? भंगार निवडणाऱ्याने ते दोन तुकडे केव्हाच बाजूला काढले असतील. तुला हे सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुधा म्हणाली असतीस, "तुले लय समजते." तू तेव्हा नव्हतीस.

बाजारानंतरच्या त्या आठवड्यात तू ऑफिसातून तुझं भिंग घेऊन आलीस. काळ्या दांड्याचं, काठाला एक टवका उडालेलं. तू ट्रेसर म्हणून लागली होतीस, शाईच्या पेनाने नकाशे उतरवायचीस. ते काम कॉम्प्युटरवर गेलं, तुला रेकॉर्डमध्ये बसवलं आणि भिंग खणात पडून राहिलं. ते तू माझ्या हातात दिलंस, माझ्या घोट्यावरच्या खपलीकडे एकदा पाहिलंस आणि ते वाक्य म्हणालीस. पाहाचं हाये तं पाहून घे. घालाचं नाई. मला ते शिक्षेसारखं वाटलं नाही. सौदा वाटला. अर्धं मिळालं होतं, आणि अर्ध्यात माझं भागलं.

ते किती भागलं, हे सांगायला हे लिहायला घेतलं आहे. मी रसमड्याच्या एका कारखान्यात आहे. मोठे रोलर आणि गिअरचे तुकडे बनतात, आणि ते बाहेर जाण्याआधी त्यांत भेगा आहेत का ते मी तपासते. तुकड्यावर लाल द्रव फासायचा, तो मुरू द्यायचा, पुसायचा, वरून पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मग सही. चालेल किंवा चालणार नाही, तिसरं काही लिहिता येत नाही. द्रव मुरायला जो वेळ लागतो त्यात मी केबिनमध्ये फोन उघडते. बाकीचे क्रिकेट बघतात, सासूच्या तक्रारी करतात. मी लिलावाच्या साइटवर असते, नाहीतर कुठल्यातरी संग्रहालयाच्या. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या अंगठ्या, कानातले, साडीपिनांसारखे ब्रोच, कुणा मेलेल्या माणसाच्या केसांची वेणी काचेखाली बसवलेलं लॉकेट. त्याखाली 'स्थिती' असा मथळा असतो. बिजागरी नंतर बदललेली. एक खडा मूळचा नाही. मागच्या बाजूला डाग देऊन जोडल्याची जुनी खूण. झीज वयाला साजेशी. मला हे वाचायला आवडतं. दिवसभर मी ज्या खुणांसाठी वस्तू नापास करते, त्याच खुणा तिथे निवांत लिहिलेल्या असतात आणि ती वस्तू तरीही मखमलीवर ठेवलेली असते. माझी सही कुणी मागत नाही.

चित्रंही बघते. जुनी तैलचित्रं, ज्यांत बायका मोती घालून बसलेल्या आहेत. बाईकडे मी फार बघत नाही. मोत्यावर बोटं ताणत जाते, ताणत जाते, आणि मोत्याचा फक्त पांढऱ्या रंगाचा एक ठिपका उरतो, त्याच्या भोवती तडकलेला रंग. थोडं मागे आलं की पुन्हा मोती. हे मी एका बैठकीत पुष्कळदा करते. सगळ्यांत जास्त काय आवडतं सांगू? सोनारांनी काढलेली कच्ची रेखाटनं. पातळ पिवळट कागदावर पेन्सिलीने हार, समोरून एकदा, बाजूने एकदा, आणि कडेला बारीक अक्षरात मापं. पहिल्यांदा असा कागद पडद्यावर आला तेव्हा मी फोन पालथा ठेवला. तुझ्या हातचा वाटला. तुझ्या रेघेची सुरुवात आणि शेवट सारख्याच जाडीचा असायचा, तसाच. हे सुरू झालं हॉस्टेलमध्ये, तू गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी. मेसमध्ये बसवत नव्हतं, खोलीत बसवत नव्हतं. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये बसून कुठल्यातरी दूरच्या राणीचा बाजूबंद मोठा करून बघितला की श्वास सरळ व्हायचा. मी त्याला सवय म्हणत होते. त्यातलं काहीही विकत घेण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही, हे मी छातीठोक सांगू शकत होते.

ज्याच्याशी लग्न ठरलं आहे तो रेल्वेच्या सिग्नल विभागात आहे. लोकलने दुर्गला येतो, आम्ही स्टेशनजवळ चहा घेतो. घरी मराठी, बाहेर हिंदी, आपल्या सगळ्यांसारखाच. त्याने एकदा विचारलं, "तू फोन उलटा कावून ठेवते? कौन है, बता दे." हसत विचारलं, पण हात कपावर घट्ट होता. मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, "नहीं मतलब, असेल तर आत्ताच सांग, मी मम्मीला सांभाळून घेईन." तेव्हा मी फोन सरळ केला. पडद्यावर एक पोलादी ब्रोच होता, बारीक बारीक पैलू पाडलेल्या खिळ्यांचा. त्याने बराच वेळ पाहिलं. "हे तर बोल्ट दिसून राहिलं." मी म्हटलं, बोल्टच आहेत, हाताने घासलेले. "आणि हे तू लपवून राहिलीस? यार, मला वाटलं दिल्लीवाला कोणी इंजिनिअर असेल." तो इतका सुटल्यासारखा हसला की मलाही हसू आलं. मग त्याने त्याच्या आईला सांगितलं. न सांगता त्याला राहवत नाही.

मागच्या रविवारी मी चरोद्याला त्यांच्या क्वार्टरवर गेले होते. मागे रेल्वेचं यार्ड आहे, मालगाडीच्या वाघिणी एकमेकींवर आदळल्या की कपाटातल्या बशा वाजतात. त्याची आई, मी काकू म्हणते, परातीत कणीक तिंबत होत्या. म्हणाल्या, "सांग वं पोरी, तुले करावं तरी का? आमी जे म्हनतो ते नाईच म्हनते. अन् हा सांगते का दिवसभर दागिनेच पाहून राहते. दाखव इकडं." मी टाळलं. त्या उठून आल्या, कणकेच्या बोटांनी माझा फोन घेतला आणि पडद्यावर रेघा ओढत चित्रं सरकवायला लागल्या. मोती गेले, पाचू गेले, शिंपल्यावर कोरलेले चेहरे गेले. "हे मढमेचं. हेबी मढमेचं. हे कायचं, कानाचं का नाकाचं?" एकदम थांबल्या. "मांगं घे. मांगं घे." एक तोड्यांची जोडी होती, मध्य भारतातली, असं खाली लिहिलेलं. "हे तं माह्या मायच्या पायात होते."

मी म्हटलं, माझ्या आजीच्याही. मग मी त्यांना माझं आणखी एक साठवलेलं चित्र दाखवलं, जे मी कुणालाच दाखवणार नव्हते. एकटाच तोडा, कापलेला. स्थितीच्या मथळ्याखाली लिहिलं आहे की नंतरच्या काळातला काप, त्यामुळे मोल कमी. मी तो काप पुरेपूर मोठा करून बघितला आहे. बारीक समांतर ओरखडे, हॅक्सॉच्या पात्याचेच. शेजारी एक अर्धवट खूण, पातं पहिल्यांदा घसरलं असणार. कुणीतरी हललं असणार. तो आजीचा नाही, एवढं मला कळतं. पण वर्षानुवर्षं मी ज्या चित्रांतून फिरत होते त्यांत मी हेच शोधत होते, हे तो सापडला तेव्हा कळलं. काकूंनी चष्मा लावला. "कापाच लागते," म्हणाल्या. "निघत नाई ते. आमच्या गावात लोहारानं छन्नीनं तोडले. माय रडून रडून अर्धी झाली."

"दुखलं असेल," मी म्हटलं.

"दुखाले का झालं! तिले ते आवडत होते. तिच्या मायनं घातले होते ना. सभेत सगळ्याईच्या आंधी हात तिनंच वर केला. लोहाराच्या दारात पयली तीच बसली. अन् घरी येऊन रडली बी तीच." त्या पुन्हा परातीकडे गेल्या. मग विचारलं, "तुही माय का म्हने?"

मी तुझं वाक्य सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. काकू कणीक मळत राहिल्या. "मंग? पाहून झालं का नाई अजून?"

तो दारात उभा होता. म्हणाला, "मम्मी, हिचं कधीच होणार नाही." ते दोघं हसले. मी पण हसले असेन. परतताना लोकलमध्ये फोन उघडला आणि एकही चित्र बघवेना. मोती पांढरा ठिपकाच राहिला, पुन्हा मोती होईना. या आठवड्यात लाल द्रव मुरेपर्यंत मी केबिनमध्ये नुसती येरझारा घालते आहे. आपल्या आजीला ते आवडत होते का, हे तू तिला कधी विचारलं होतंस का? ती हसत सांगायची म्हणून आपण दोघी धरून चाललो की आवडत नव्हते. तू मला काय वाचवत होतीस ते मला समजतं, आई. वस्तूपासून नाही. आवाजावरून ओळखलं जाण्यापासून. पण मी पुढे ते सगळ्यालाच लावलं. दोन स्थळं मी अशीच पाहिली, नीट, बारकाईने, आणि ठेवून दिली. याच्याकडेही मी अधूनमधून पाहूनच घेत असते. त्याला ते कळतं. तो कप घट्ट धरतो. पुढच्या रविवारी मी पुन्हा नको म्हटलं, तर काकू दागिन्यांबद्दल काही मनाला लावून घेणार नाहीत. पण तो समजायचं ते समजेल. बाबा उठले. चहा टाकते.

*

मधे पाच-सहा आठवडे गेले. हे असंच पडून होतं.

त्या रविवारी ते दोघं आले. रिसालीचं हे घर तू पाहिलेलं नाहीस. बाबांनी निवृत्तीनंतर बांधलं. आपलं क्वार्टर सुटलं तेव्हा मला वाटलं होतं त्यांना करमणार नाही, पण त्यांनी कुंड्या लावल्या. काकू सोफ्यावर न बसता खाली सतरंजीवर बसल्या आणि पोहे हातात घेऊनच म्हणाल्या, "बोल वं. का ठरवलं?" मी आत जाऊन कागद आणला. आदल्या दिवशी काढला होता, समोरून एकदा, बाजूने एकदा, कडेला मापं. पायातला वाळा, एकच, बारीक चांदीचा, घुंगरू नाही. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला आटे पाडलेली फिरकी. काकूंनी कागद उभा धरला, आडवा धरला. "हे का हाये? नटबोल्ट?"

"मैंने बोला था न," तो म्हणाला.

"अन् ही फिरकी कायले?"

"उघडायला. माझ्या हातानं."

"बाई बाई बाई! घालाच्या आंधी नवरी काढाची फिकर करून राहिली!" त्या हसायला लागल्या, पदराने डोळे पुसत हसल्या. कागद पुन्हा पाहिला. या वेळी चष्मा लावून. "बनवू," म्हणाल्या. "असाच बनवू. फिरकी पक्की पाह्यजे." बाबा इतका वेळ दारातल्या खुर्चीत होते. त्यांनी कागद मागून घेतला, फिरकीच्या जागेवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "मायले असं पेचवालं असतं तं..." चहा थंड झाला म्हणून आत गेले. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली नाही. अवघड होतं.

दुर्गच्या सोनाराला कागद समजायला वेळ लागला. "पायल में थ्रेड कौन डलवाता है, मैडम? कारखाने में हो क्या?" मी हो म्हटलं. आटे त्याने नीट पाडले. मी तुझं भिंग नेलं होतं, तिथेच तपासून घेतले. एका ठिकाणी जोडाचा डाग जरा जास्त बसला आहे, बाहेरून दिसतो. राहू द्या म्हटलं.

फोनमधली चित्रं मी पुसलेली नाहीत. परवा पुन्हा बघायला घेतली, मोती पुन्हा मोती होतो आहे. पण पूर्वी मी तिथे तासन्‌तास राहायचे, आता मधेच उठते. एक अडचण लक्षात आली. या वस्तूंचं वजन खाली लिहिलेलं असतं, ग्रॅममध्ये, आणि ते आकडे मी इतकी वर्षं वाचत आले, पण वजन म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. वाळा हलका आहे. तरी चालताना दुसऱ्या पायाला कळतं की आपल्यावर नाही. मी तो काट्यावर ठेवून पाहिलेला नाही. लॅबमध्ये धातूची शुद्धता सांगणारं यंत्र आहे, त्याच्याखालीही धरला नाही.

लग्नाला अजून अवकाश आहे. तोवर वाळा डबीतच ठेवायचा, नवरीने आधी घालून मिरवायचं नाही, असं काकूंनी बजावलं आहे. कारखान्यात तर अंगावर धातूची कुठलीच वस्तू चालत नाही. तो नियम नव्या मुलांना मीच समजावून सांगते. तुला लिहिते आहे ते मेलच्या ड्राफ्टमध्ये आहे. वर नावाची जागा रिकामी आहे आणि तिथे घालायला तुझा पत्ता कधी नव्हताच. म्हणून सांगायला हरकत नाही. काल मी तो वाळा पायात घालून कामावर गेले. मोज्याच्या आत, वरून घोट्याच्या वरपर्यंत येणारे सेफ्टी शूज, नाडी आवळून बांधलेली. पूर्ण शिफ्ट. द्रव मुरेपर्यंत फोन काढला नाही. घरी येऊन फिरकी उघडली, तर घोट्याच्या हाडाशी एक लाल रेघ उमटली होती. पाणी लावलं, थोड्या वेळाने गेली. दिवसभर तो वाळा कुणालाही पाहायला मिळाला नाही, आई. मलाही नाही.